वार्धक्य आणि ‘प्रतिकारशक्ती’ : एका रक्तरोगाच्या निमित्ताने

दिल्लीत १९९६ साली डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्या व पुढील साथींनी ‘प्लेटलेट’ हा शब्द राजधानीच्या घरगुती बोलण्यात रुळवला. पावसाळा सरताना रक्तातील हे बिंबाणू घटलेले आढळले की प्रथम डेंग्यूचीच शंका येते. परंतु ताप नसताना त्वचेवर निळसर-तांबडे ठिपके उमटले, तर प्रश्न निराळा असू शकतो. मराठी परिभाषेने या लक्षणाला ‘नीलारुणी’ असे सुरेख नाव दिले आहे. तिच्या आय. टी. पी. नामक प्रकारात शरीर आपल्याच बिंबाणूंना परके ठरवते आणि मुख्यतः प्लीहेत त्यांचा नाश होतो. विल्यम हॅरिंग्टन यांनी १९५० साली सेंट लुई येथे अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले, तेव्हा काही तासांतच त्यांचे बिंबाणू कमालीचे घटले.

बालकांत हा विकार बहुधा विषाणुसंसर्गामागून येतो आणि बहुतेकांत वर्षभरात मावळतो. प्रौढांत तो पुष्कळदा ठाण मांडतो, आणि साठीनंतर त्याचे प्रमाण वाढते. वार्धक्यात प्रतिकारशक्ती क्षीण होते असे आपण मानतो. मग यंत्रणा दुबळी होत असता तिचा स्वकीयांवरील हल्ला मात्र वाढावा, हे कसे?

घोटाळा ‘शक्ती’ या शब्दात आहे. लॅटिन ‘इम्युनितास’चा मूळ अर्थ करातून वा कर्तव्यातून सूट; बळाची कल्पना त्यात नव्हती. मराठीत ‘प्रतिकारक्षमता’ हा पर्याय असूनही रूढ झाली ती शक्तीच, म्हणजे कमी-अधिक होणारी राशी. वस्तुतः या यंत्रणेचे निम्मे काम आप-पर ओळखण्याचे. टी-पेशींना ही ओळख छातीतील ज्या ग्रंथीत होते, तिला मराठीत ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते. नव्या पेशींचा ओघ आटतो, जुन्या पेशींचे वर्चस्व वाढते, मंद दाह टिकून राहतो आणि इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींचा तोल ढळतो. नव्या जंतूपुढे संथ असलेली यंत्रणा स्वकीयांविषयी संशयी होते, ती अशी.

म्हणूनच वृद्धाचे कुटुंबीय शक्ती वाढविणारे औषध मागतात आणि डॉक्टर मात्र स्टेरॉइड देऊन तीच दाबतात, हा प्रसंग वाटतो तितका विसंगत नाही. तो निर्धोकही नाही. स्टेरॉइडने जंतुसंसर्ग, मधुमेह व ठिसूळ हाडे यांचे भय वाढते. उपचार न करावा तर मेंदूतील रक्तस्रावाचे. त्यात हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे बहुधा चालू असतातच. ज्या संख्येवर बालकाकडे नुसते लक्ष ठेवून भागते, तीच वृद्धात उपचार मागते. आज प्रौढांना स्टेरॉइड शक्यतो सहा आठवड्यांच्या आत थांबवून, गरज पडल्यास बिंबाणूंची निर्मिती वाढविणारी औषधे देतात. मात्र त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि तोही उतारवयात अधिक.