दूधखोलीचा कोबा : आधी मशागत, मग इपॉक्सीचा लेप



दूधखोलीत दिवसातून दोन वेळा दूध येते. मोजताना, कॅनमध्ये ओतताना थोडेफार दूध सांडतेच. सांडलेले दूध आंबले की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होते. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो. आम्लाची या चुन्याशी क्रिया होऊन पाण्यात विरघळणारा क्षार बनतो व तो धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे कोब्याचा वरचा थर झिजतो, खडी उघडी पडते आणि बारीक खड्ड्यांत दूध मुरत राहते. मग कितीही घासले तरी आंबट वास जात नाही. अशा खड्ड्यांत वाढणारे जिवाणू कॅन व भांड्यांमार्फत दुधात जाण्याचा धोका असतो.

यावर उपाय म्हणून अनेकजण इपॉक्सीच्या लेपाचा विचार करतात. रेझीन व हार्डनर असे दोन घटक मिसळले की त्यांची रासायनिक क्रिया होऊन कठीण, पाणी न शोषणारा थर तयार होतो. हे काम घरच्या माणसांना करता येते. मात्र दोन हात दिल्यावरही हा थर साधारण पोस्टकार्डाएवढाच जाड असतो. त्याचा सारा आधार खालच्या कोब्यावर असतो. ढेकळांत पेरलेले बी जसे वाया जाते, तसाच ओल्या, तेलकट किंवा भुसभुशीत कोब्यावरील लेप पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी कोब्याची परीक्षा करावी.

लेप कोठे करू नये

गोठ्यात जनावरांच्या उभे राहण्याच्या जागी हा लेप करू नये. खुरांनी तो खरवडला जातो व ओल्या गुळगुळीत जमिनीवर जनावर घसरते. उघड्या अंगणात उन्हाने लेप पिवळा पडतो व त्याची भुकटी निघू लागते. ज्या खोलीत उकळते पाणी किंवा वाफ जमिनीवर सोडली जाते, तेथेही साधा इपॉक्सी टिकत नाही.

कोब्याची परीक्षा

१. वय : नवा कोबा किमान २८ दिवसांचा असावा. त्यानंतरही ओलाव्याची परीक्षा घ्यावीच.

२. ओलावा : १८ इंच लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. २४ तासांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस दव दिसले किंवा कोबा काळसर झाला, तर जमिनीतून ओल वर येत आहे असे समजावे. ही परीक्षा भिंतीजवळ, मोरीजवळ व मध्यभागी अशा तीन ठिकाणी घ्यावी. उन्हाळ्यात कोरडा वाटणारा कोबा पावसाळ्यात ओल धरतो. म्हणून एकदा भर पावसाळ्यात व एकदा कामाच्या आधी पाहावे.

३. शोषण : पाण्याचे थेंब टाकावेत. ते थोड्याच वेळात मुरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तेथे तूप, तेल, जुना रंग किंवा फार घोटलेला सिमेंटचा थर आहे.

४. मजबुती : खिळ्याने ओरखडा काढावा व हातोडीने ठोकून पाहावे. भुकटी निघत असेल किंवा पोकळ आवाज येत असेल तर तो भाग फोडून नव्याने भरावा.

५. उतार : बादलीभर पाणी ओतून ते कोठे साचते ते खडूने आखावे. मोरीकडे दर १० फुटांस दीड ते दोन इंच उतार हवा. लेपाने उतार सुधारत नाही. तो आधी दुरुस्त करावा.

खालून ओल येत असेल तर लेपावर पैसे घालू नयेत. बाहेरचे पाणी चर काढून वळवावे व पुन्हा परीक्षा घ्यावी. तरीही ओल राहिली तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरून नवा कोबा करणे किंवा आम्लरोधक टाइल बसविणे योग्य. शहाबादी व कोटा या फरश्या चुनखडीच्या असतात. आंबट दुधाने त्याही झिजतात, हे लक्षात ठेवावे.

पूर्वमशागत

प्रथम गरम पाणी व धुण्याच्या पावडरीने स्निग्धांश घासून काढावा. मग घासणीचे यंत्र भाड्याने आणून वरचा गुळगुळीत थर काढावा. हात फिरवल्यावर पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा लागला पाहिजे. काहीजण यासाठी मिठाचे आम्ल वापरतात, परंतु त्याचा अंश कोब्यात राहिल्यास लेप सुटतो व आतील सळई गंजते. म्हणून यंत्राने घासणेच बरे. जुन्या भेगा उघडून, साफ करून इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. कोब्यात मुद्दाम सोडलेले सांधे मात्र कडक पुट्टीने बुजवू नयेत. शेवटी धूळ पूर्णपणे काढून घ्यावी व कोबा नीट वाळू द्यावा.

माल किती लागेल?

समजा खोली २० × १५ फूट आहे. जमिनीचे क्षेत्र ३०० चौरस फूट. भिंतीवर चारही बाजूंनी ४ इंच लेप चढवायचा तर आणखी सुमारे २३ चौरस फूट. एकूण ३२३ चौरस फूट, म्हणजे ३० चौरस मीटर. वाळल्यावर ०.३ मि.मी. जाडी हवी असल्यास ३० × ०.३ = ९ लिटर घन भाग लागेल. डब्यावर घन भाग आकारमानाने ६० टक्के लिहिला असेल तर ९ ÷ ०.६ = १५ लिटर. त्यात १० टक्के वाया जाणारा माल धरून साडेसोळा लिटर घ्यावेत. प्रायमर वेगळा. दोन मालांच्या किमतींची तुलना करताना लिटरचा भाव न पाहता घन भागाचा भाव पाहावा. स्वस्त डब्यात पुष्कळदा उडून जाणारे द्रावण अधिक असते.

वेळ कोणती साधावी?

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लेपावर चिकट, पांढरट थर येतो. एप्रिल-मे महिन्यांत मिश्रण फार लवकर घट्ट होते. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात रात्री तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. अशा दिवसांत काम टाळावे.

यात दूध ठेवण्याचीही सोय पाहावी लागते. दूध वास लवकर धरते. लेप पूर्ण पक्का होण्यास साधारण ७ दिवस लागतात. कोब्याची तयारी व वाळणे धरून किमान १० ते १२ दिवस दूध ठेवण्याची दुसरी स्वच्छ जागा आधीच ठरवावी. ही सोय नसेल तर काम पुढे ढकलावे. अर्धवट वाळलेल्या लेपावर कॅन ठेवल्यास दूध व लेप दोन्ही बिघडतात.

लेप देणे

रेझीन व हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घालू नये. तळ व कडा खरवडत सावकाश तीन मिनिटे ढवळावे. मिसळलेला माल डब्यात ठेवला तर तापतो व गोठतो. म्हणून थोडा थोडा मिसळून लगेच पसरावा. आधी प्रायमर, मग पहिला हात, मग दुसरा. काम दूरच्या कोपऱ्यातून दाराकडे करीत यावे. दोन हातांमधील वेळ डब्यावर दिलेल्या मुदतीत ठेवावा. मुदत टळल्यास पॉलिश पेपरने घासून, पुसूनच पुढचा हात द्यावा. पाय घसरू नये म्हणून पहिला हात ओला असताना कोरडी, चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी. तो वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्यावा.

सुरक्षितता

हार्डनर अंगावर लागल्यास त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हात थिनरने न धुता साबणाने धुवावेत. जवळ विडी, चूल किंवा दिवा नसावा. कोबा घासताना नाका-तोंडावर धूळ अडविणारा मास्क बांधावा. मुलांना व जनावरांना तेथे येऊ देऊ नये.

लेप पक्का झाल्यावरही सांडलेले दूध लगेच धुवावे आणि कॅन ओढू नयेत. उचलून ठेवावेत किंवा खाली रबरी चटई घालावी. कोठे पापुद्रा सुटला तर तेवढा भाग लगेच काढून दुरुस्त करावा, नाहीतर पाणी व दूध आत शिरून लेप सुटत जातो. येत्या पावसाळ्यात प्लॅस्टिकची परीक्षा करून ठेवा, म्हणजे हिवाळ्यात निर्णय घेणे सोपे जाईल.