नाव झाका, नोंद ठेवा

मंडळी, शेलूबाजारसारख्या गावात व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन म्हणजे कोण? आपल्याच गल्लीतला माणूस. पगार नाही, सही-शिक्का नाही. त्यानं एखादा मेसेज काढला, की कोणत्या ॲडमिननं काढला ते सगळ्या ग्रुपला दिसतं. मग बाजारात गाठून लोक विचारतात, "काहून काढला रे माझा मेसेज?" असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा गप्प बसतो.

हे गप्प बसणं महागात पडतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भटके लोक. मुलं पळवण्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्यानं वेग कमी होतो. पण आलेली अफवा काढायची कुणी, हा प्रश्न उरतोच.

ॲडमिनला दुसरी भीती पोलिसांची. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की सामायिक हेतू किंवा आधी ठरलेला कट नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे कायद्यानं थोडा आधार दिला. शेजाऱ्याच्या रागाचं काय?

इथे निनावी साधनं कामाला येतात. टेलिग्रामवर २०२० पासून ॲडमिनला निनावी राहता येतं. तो लिहितो तेव्हा त्याच्या जागी ग्रुपचं नाव दिसतं. रेडिटवर तक्रारीला उत्तर मंडळाच्या नावानं देता येतं. विकिपीडियाचा मार्ग जरा वेगळा. तिथले प्रचालक टोपणनावानं काम करू शकतात, पण कोणतं पान कुणी, कधी आणि कोणत्या कारणानं वगळलं याची नोंद सहसा सगळ्यांना पाहता येते.

आम्हाला हा तिसरा मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो. कारण नाव झाकलं की धोकाही येतो. जातीचा, पक्षाचा, बांधाच्या भांडणाचा राग पडद्याआडून काढता येतो. म्हणून नाव झाकावं, निर्णय झाकू नये.

मग व्हॉट्सॲपवर काय करायचं? तिथे ॲडमिनला निनावी राहण्याची सोय नाही, पण वाट काढता येते. ग्रुपसाठी वेगळा नंबर घ्या, त्याला 'ग्रुप व्यवस्था' असं नाव द्या. मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांना तो जोडता येतो, त्यामुळे तीन-चार स्वयंसेवक मिळून तो चालवू शकतात. नियम आधीच ग्रुपवर टाका. मेसेज काढला की कोणत्या नियमानं काढला, ते त्याच नंबरवरून एका ओळीत सांगा. कोणी काढला याची नोंद स्वयंसेवकांनी आपसात ठेवावी. आणि तक्रार आली तर ज्यानं मेसेज काढला त्यानं नव्हे, दुसऱ्यानं ती ऐकावी.

एक मात्र ध्यानात ठेवा. सिम कुणाच्या तरी नावावर असतंच, त्यामुळे हा पडदा पोलिसांपासून लपण्यासाठी नाही. तो आहे तो गावात राहूनही अफवेला नाही म्हणता यावं यासाठी.