रसवंतीची पाटी
उन्हाळ्यात सडकेला पाचटाचे छप्पर दिसले नि घुंगरू वाजले की रसवंती आली. पाटी वाचायलाच नको. 'कानिफनाथ' नाहीतर 'नवनाथ'! याचे मूळ पुरंदर तालुक्यात. बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचे देवस्थान आहे. तिकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी हा धंदा गावोगाव नेला, सोबत देवाचे नावही. पूर्वी लाकडी चरक, त्याला बैल. आता लोखंडी चरक विजेवर फिरतो, घुंगरू मात्र सुटले नाही. (नोंदीच्या उसातली एखादी मोळी तिकडे जाते, हे आम्हांस ठाऊक आहे!) रस्ता रुंद होताना पहिले हेच खोपट उठते, नि रंगवलेल्या पाटीच्या जागी फ्लेक्स येतो. कुणाच्या बांधालगत जुना लाकडी चरक किंवा पाटी उरली असेल, तर मोडीत घालण्याआधी शेतकी गट कार्यालयात कळवावे. आम्ही येऊन फोटो घेऊ.