३५ डॉलरचं काउंटर : अमेरिकेतल्या छोट्या गावात पासपोर्ट कसा निघतो?

सरकारी सेवांवर उभ्या राहणाऱ्या छोट्या व्यवसायांच्या व्हिडिओत मी अमेरिकेच्या पासपोर्टचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे ते सावकाश बघू. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, बहीण, मुलगा तिकडे असेल तर ही माहिती थेट कामाची आहे. आणि तुम्ही सेवा केंद्र, झेरॉक्स किंवा फोटो स्टुडिओ काढायच्या विचारात असाल, तर यातला पैशांचा हिशोब जरूर बघा.

मोंटाना नावाचं राज्य घ्या. क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा जास्त, लोकसंख्या मात्र अकरा लाखांच्या आसपास. त्याच्या पूर्व भागात माइल्स सिटी हे गाव आहे, वस्ती आठ-साडेआठ हजार. नावात सिटी आहे, पण आपल्याकडे एखादं बाजाराचं गावसुद्धा याहून मोठं निघेल. जवळचं मोठं शहर बिलिंग्ज, तेही सव्वादोनशे किलोमीटरवर. पासपोर्ट देणाऱ्या परराष्ट्र खात्याची स्वतःची ऑफिसं अख्ख्या देशात पंचवीस-तीसच, आणि तीही बहुतेक मोठ्या शहरांत. डेन्व्हरजवळचं ऑफिस गाठायचं तर माइल्स सिटीच्या माणसाला पाचशे मैलांच्या वर गाडी हाणावी लागेल. शिवाय तिथे नेहमीचे अर्ज घेतच नाहीत. ज्याचा प्रवास अगदी तोंडावर आला आहे, त्यालाच अपॉइंटमेंट मिळते.

मग छोट्या गावातल्या माणसाने काय करायचं? तर गावातल्या पोस्टात जायचं. काही ठिकाणी कोर्टाच्या क्लार्ककडे, काही ठिकाणी काउंटीच्या कचेरीत, काही ठिकाणी चक्क सार्वजनिक वाचनालयात! परराष्ट्र खात्याने देशभरात अशी सात हजारांहून जास्त ठिकाणं अर्ज स्वीकारायला नेमली आहेत. जागा त्यांची, माणूस त्यांचा, खुर्ची-टेबल त्यांचं. खातं फक्त प्रशिक्षण देतं, नियम ठरवून देतं आणि तपासणी करतं.

आता पैसे बघा. मोठ्या माणसाच्या पहिल्या पासपोर्टची फी १३० डॉलर, ती परराष्ट्र खात्याला जाते. त्याच्यावर ३५ डॉलर वेगळे, अर्ज स्वीकारण्याचे. हे ३५ त्या काउंटरवाल्या संस्थेकडेच राहतात. २०१८ च्या एप्रिलपर्यंत हाच आकडा २५ होता. सोळा वर्षांखालच्या मुलाचे १०० अधिक ३५. म्हणजे आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब पहिल्यांदा पासपोर्ट काढायला गेलं, तर एकूण ६०० डॉलर लागतात आणि त्यातले १४० गावातच राहतात. समजा एखाद्या काउंटरवर आठवड्याला दहा अर्ज आले, तर ३५० डॉलर झाले. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर साडेसतरा हजार डॉलर. हा मी फक्त समजावण्यासाठी केलेला हिशोब आहे, पण छोट्या वाचनालयासाठी ही रक्कम किरकोळ नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

काउंटरवरचा माणूस नेमकं काय विकतो?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो पासपोर्ट छापत नाही. मंजूर-नामंजूर त्याच्या हातात नाही. फॉर्म तर खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. मग ३५ डॉलर कशाचे?

ते डोळ्यांनी बघण्याचे. समोर आलेला माणूस, त्याचं ओळखपत्र आणि फोटो हे तिन्ही एकाचेच आहेत का, हे तो बघतो. मग अर्जदाराला शपथ घ्यायला लावतो की लिहिलेलं सगळं खरं आहे, आणि त्याच्या समोरच सही घेतो. आपल्यासारखं घरी पोलीस येऊन व्हेरिफिकेशन करण्याची पद्धत तिकडे नाही, त्यामुळे या काउंटरवरच्या पाच-दहा मिनिटांना फार वजन आहे. म्हणून फॉर्मवर, म्हणजे डीएस-११ वर, घरून सही करून यायचं नाही. ‘सगळं भरून तयार आणलंय साहेब’ म्हणत सहीसकट कागद पुढे केला, की नवीन फॉर्म भरायला बसा!

सगळ्यांनाच काउंटरवर जावं लागतं असं नाही. मोठेपणी काढलेला जुना पासपोर्ट हातात असेल आणि तो निघून पंधरा वर्षं झाली नसतील, तर नूतनीकरण टपालाने होतं. २०२४ पासून पात्र लोकांना ते ऑनलाइनही करता येतं. पण पहिला पासपोर्ट, हरवलेला पासपोर्ट आणि सोळा वर्षांखालचं मूल असेल तर स्वतः हजर राहावंच लागतं.

बाळाचा पासपोर्ट

आपल्या मराठी घरांशी या विषयाचा सगळ्यात जास्त संबंध इथे येतो. नवरा-बायको नोकरीनिमित्त अशा छोट्या गावात राहतात, दोघांकडे भारतीय पासपोर्ट, आणि बाळ तिकडे जन्मलं. डिसेंबरात बाळाला आजी-आजोबांकडे आणायचं आहे. बाळ जन्माने अमेरिकन नागरिक, त्यामुळे त्याला अमेरिकेचा पासपोर्ट हवा. तो हातात आल्याशिवाय भारताचा व्हिसा किंवा ओसीआय, काहीच पुढे सरकत नाही. ही साखळी लक्षात न घेता आधी तिकिटं काढली, तर पुढचे दोन महिने जीव टांगणीला.

हॉस्पिटलमधून बाळाच्या पावलांचे ठसे असलेला एक सुंदर दाखला मिळतो. तो फ्रेम करून भिंतीवर लावा, पासपोर्टला चालत नाही. राज्य, काउंटी किंवा शहराच्या नोंदणी कार्यालयाने दिलेला, शिक्का असलेला आणि आई-वडिलांची पूर्ण नावं असलेला जन्मदाखला लागतो. मूळ प्रत आणि सोबत तिची झेरॉक्स. मूळ प्रत अर्जासोबत टपालाने जाते आणि नंतर परत येते. आई-वडिलांची ओळखपत्रंही लागतात. त्यांचा चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. त्याचीही झेरॉक्स न्यायची.

बाळ, आई आणि वडील तिघंही काउंटरवर हवेत. वडील कामासाठी दुसऱ्या राज्यात असतील, तर त्यांनी डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून, ओळखपत्राची झेरॉक्स जोडून पाठवायचा. हा फॉर्म सहीनंतर तीन महिनेच चालतो. तिकडे नोटरी म्हणजे वकीलच असावा लागतो असं नाही. बँकेत, कुरिअरच्या दुकानात एखादा कर्मचारी नोटरी असतो आणि थोड्या पैशात काम होतं. दुकानदाराला नोटरीच्या फीपेक्षा जास्त फायदा, नोटरीसाठी आलेला माणूस पाकीट, प्रिंट, कुरिअरही तिथेच करतो, याचा होतो.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी किंवा जवळपास पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही. बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढला तरी चालतो, पण धरणाऱ्याचा हात त्यात दिसता कामा नये. बऱ्याच पोस्टांत १५ डॉलरमध्ये तिथेच फोटो काढून देतात. घरी मोबाइलवर काढलेल्या फोटोवर सावली पडली म्हणून पत्र आलं, तर नवीन फोटो पाठवेपर्यंत अर्ज तिथेच थांबतो. डिसेंबरच्या तिकिटापुढे ते १५ डॉलर स्वस्तच म्हणायचे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी लोक काउंटरवरून परत फिरतात : पैसे दोन वेगळ्या हिशोबांत द्यायचे. खात्याची फी चेकने किंवा मनी ऑर्डरने, परराष्ट्र खात्याच्या नावाने. तिथे कार्ड चालत नाही. ३५ डॉलर मात्र ते काउंटर स्वीकारेल तसे, पोस्टात कार्डनेही. आजच्या तरुण जोडप्याकडे चेकबुक असतंच कुठे? पण पोस्टात मनी ऑर्डर त्याच छपराखाली मिळते. दुसऱ्या खिडकीवर घ्यायची आणि परत यायचं. फोटो, मनी ऑर्डर, अर्ज, टपाल सगळं एका छताखाली. हे पाहिल्यावर मला नेहमी आपल्या तहसील कचेरीबाहेरचा टपरीवाला आठवतो, ज्याच्याकडे कोर्ट फी स्टँप, फाइल, टाचणी आणि पेन सगळं एका हाताच्या अंतरावर असतं. अनेक पोस्टांत अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. छोट्या गावात हे काम आठवड्यातले काही वार, काही तासच चालतं. त्यामुळे बाळ, दोघांची सुट्टी आणि पोस्टाची वेळ जुळवणं हेच खरं काम!

वेळेचं म्हणाल तर साधारण प्रक्रियेला चार ते सहा आठवडे, ६० डॉलर जास्त भरून दोन ते तीन आठवडे. मात्र टपालाचे दिवस यात धरलेले नाहीत. जाताना आणि येताना मिळून तेच कधी कधी दोन-चार आठवडे खातात. प्रवास चौदा दिवसांवर आला असेल, किंवा परदेशी व्हिसा काढायचा असल्याने अठ्ठावीस दिवसांवर आला असेल, तर मोठ्या शहरातल्या ऑफिसची अपॉइंटमेंट मागता येते. भारतात येणाऱ्या बाळाला ही अठ्ठावीस दिवसांची सोय उपयोगाची आहे. माइल्स सिटीच्या आई-वडिलांनी मात्र त्यात हजार मैलांचा येण्या-जाण्याचा प्रवास आणि हॉटेलचा खर्च धरायचा.

इथे खासगी कुरिअर कंपन्याही असतात. जादा पैसे घेऊन तुमचा अर्ज मोठ्या ऑफिसात लवकर पोचवतात. धंदा कायदेशीर आहे. पण पहिला पासपोर्ट असेल तर त्यांच्याकडे जाण्याआधीसुद्धा काउंटरवर जाऊन शपथ घ्यावी लागते, आणि तिथून सीलबंद पाकीट मिळतं. म्हणजे कंपनी कितीही मोठी असली तरी गावातल्या त्या ३५ डॉलरच्या माणसाला वळसा घालता येत नाही. फुकटचा फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या वेबसाइटही आहेत. नातेवाइकांना सांगून ठेवा, सरकारी वेबसाइटचा पत्ता डॉट गव्हने संपतो.

हे काउंटर कायमचं नसतं

आता व्यवसायाच्या दृष्टीने दुसरी बाजू. २०२५ च्या अखेरीस परराष्ट्र खात्याने काही वाचनालयांना पासपोर्टचं काम बंद करायला सांगितलं. कनेटिकटमधल्या नॉर्विच गावच्या ओटिस लायब्ररीत ही सेवा अठरा वर्षं चालू होती, तीही थांबली. कारण काय, तर ही वाचनालयं सरकारी नाहीत, ना-नफा संस्था चालवतात. आणि बिगरसरकारी संस्थेला ही फी घेऊन स्वतःकडे ठेवता येत नाही, असं खात्याचं म्हणणं. गावकऱ्यांच्या दृष्टीने वाचनालय ते वाचनालय, सरकारी की संस्थेचं हे कोण बघतो? पण नियमाच्या कागदावर तो फरक होता. सेवेत खोट काढलेली नव्हती, तरी काउंटर गेलं.

तुमच्यातले जे आपले सरकार सेवा केंद्राचा विचार करताहेत, त्यांनी हा भाग दोनदा वाचा. दर ठरवणारे तुम्ही नाही, परवाना देणारे तुम्ही नाही. म्हणून अशा धंद्याचा कागद मांडताना मी दोन रकाने करायला सांगतो. एकात परवान्यावर अवलंबून असलेली कमाई, दुसऱ्यात फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, कुरिअर, फॉर्म तपासून देणं अशी स्वतःच्या कौशल्याची कमाई. पहिला रकाना उद्या कोरा झाला तर दुसऱ्यातून दुकानाचं भाडं निघतं का, ते बघा. नसेल निघत, तर भाड्याचा करार करण्याआधी थांबा.

आपल्याकडेही पासपोर्ट पोस्टात पोचलाय. २०१७ च्या जानेवारीत म्हैसूर आणि दाहोद इथे पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, मग देशभर वाढली. फरक असा की आपली फी अर्ज भरतानाच ऑनलाइन एकत्र जाते, आणि गावातल्या छोट्या व्यावसायिकाचं काम त्या खिडकीच्या आधी येतं : फॉर्म भरणं, नावातली तफावत पकडणं, कागद लावून देणं.

तिकडच्या काउंटरबद्दल एक शेवटची माहिती. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, सोळा वर्षांखालच्या मुलाचा पाचच वर्षांचा. आणि मुलाच्या पासपोर्टचं टपालाने नूतनीकरण होत नाही. डिसेंबरात आजी-आजोबांकडे जाऊन आलेलं ते बाळ पाच वर्षांनी, आता स्वतःच्या पायांवर चालत, आई-वडिलांना घेऊन पुन्हा त्याच पोस्टात उभं राहणार. नवा फॉर्म, नवा फोटो आणि काउंटरचे पुन्हा ३५ डॉलर.