‘भाई-बहन’, ‘ट्रू लव’ आणि ‘टाइमपास’

महाविद्यालयांतील मुलामुलींच्या मैत्रीचा विषय घरांत निघतो, तो बहुधा एखाद्या मुलीचें नांव चारचौघांच्या तोंडीं झाल्यावर. समाजशास्त्रज्ञांनीं त्याची चौकशी फार पूर्वींच आरंभिली आहे. विलार्ड वॉलर या अमेरिकन पंडितानें १९३७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, तेथील विद्यार्थी जोडीनें फिरावयास जात ते लग्नाच्या हेतूनें नव्हे, तर सोबत्यांत आपला भाव वाढावा म्हणून.

आपल्याकडील चौकशी अधिक उद्‌बोधक आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लीना अब्राहम व त्यांचे सहसंशोधक के. अनिल कुमार यांनीं अल्प उत्पन्नाच्या घरांतील ९६६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले आणि १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांपैकीं शेंकडा ४७ व मुलींपैकीं शेंकडा १३ जणांनीं भिन्नलिंगी व्यक्तीशीं कांहीं ना कांहीं शारीरिक जवळीक आल्याचें सांगितलें. प्रत्यक्ष समागमाचे आंकडे अनुक्रमें २६ व ३ असे होते. ही तफावत सर्वस्वीं आचरणाची मानूं नये. अशा प्रश्नास मुलगा चढवून उत्तर देतो, मुलगी झांकून देते.

आंकड्यांहून मोलाचीं आहेत तीं विद्यार्थ्यांनीं स्वतःच योजिलेलीं तीन नांवें. निर्मळ स्नेह तो ‘भाई-बहन’. लग्नाची आशा धरून केलेलें प्रेम तें ‘ट्रू लव’. आणि घटकाभराची, बहुशः शरीरसुखासाठीं जोडलेली ओळख तो ‘टाइमपास’. (हा शेवटला शब्द २०१४ सालीं एका मराठी चित्रपटाचें नांवही झाला!) खरी मेख पुढेंच आहे. मुलगी जवळीक स्वीकारी ती बहुधा ‘ट्रू लव’ समजून; मुलाच्या हिशेबीं तोच संबंध पुष्कळदां ‘टाइमपास’ असे. दोघें एकाच बांकावर बसलेलीं, पण दोघांनीं धरलेला अर्थ निराळा. वडील माणसें ‘असें कांहीं चालतें काय?’ एवढेंच विचारतात. फसगत कोणाची होते, हें कोणी विचारीत नाहीं.

मुंबईंत निदान गर्दीचा आडोसा आहे. जालना जिल्ह्यांत तोही नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें तेथील वीस ते चोवीस वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें एकतृतीयांश स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच उरकलें होतें. अशा मुलखांत खेड्यांतून एस. टी.नें महाविद्यालयांत येणाऱ्या मुलीचें नांव कोणाशीं जोडलें गेलें, तर ती मैत्री तिहींपैकीं कोणती, याची चौकशी बहुधा होत नाहीं. तिचा पास बंद होतो, स्थळें पाहावयास लागतात. मुलगा दुसरे दिवशीं वर्गांत असतोच.