छर्रे, शेपटी आणि दोन पावलं

अमेरिकेत ॲरिझोना-टेक्साससारख्या भागात रानात हिंडणारे काही जण पिस्तुलात गोळीऐवजी छर्ऱ्यांचं काडतूस भरतात, खास सापांसाठी. .२२ बोअरच्या काडतुसातला एकेक छर्रा जेमतेम १.३ मिलिमीटरचा, मोहरीएवढा. गंमत पुढेच आहे. पिस्तुलाच्या नळीत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. छर्ऱ्यांनाही तोच फेर मिळतो. पण नळीबाहेर पडताच ते त्या फेराने चहूकडे उधळतात. त्यामुळे या काडतुसाची मातब्बरी दोन-तीन मीटरपुरतीच.

आता साप बघा. खुळखुळ्या साप, म्हणजे रॅटलस्नेक, झेप घेतो ती साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत. सव्वा मीटरच्या सापाची झेप साठेक सेंटिमीटर! म्हणजे दोन मीटरवर उभा असलेला, नेम धरणारा माणूस आधीच सुरक्षित असतो.

मग तो इतका घाबरतो का? त्याचं श्रेय सापाच्या शेपटीला. आपल्या नखांत असतं त्याच केराटिनची तिथली पोकळ कडी एकमेकांवर आपटतात. आपण जवळ जाऊ तसा खुळखुळाट वाढत जातो आणि अचानक सेकंदाला ६० ते १०० ठोक्यांवर उडी मारतो. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना आभासी गवताळ रानात चालवलं. चार मीटरवर ही उडी ऐकवली, की साप त्यांना प्रत्यक्षापेक्षा जवळ वाटे. हातपाय नसलेल्या प्राण्याने निव्वळ आवाजाच्या जोरावर आपल्याभोवती मोठं कुंपण घातलं, ही मला छर्ऱ्यांहून कितीतरी वरची करामत वाटते. शिवाय डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यांनी तो अंधारातही उंदराची ऊब टिपतो. आपल्या सह्याद्रीतला चापडा याच कुळातला, तसेच खळगे असलेला. फक्त खुळखुळा नाही.

आणि समजा, नेम लागला. तरी काम संपत नाही. तुटलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं. १९९९मध्ये ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या ३४ दंशरुग्णांपैकी पाच जणांना चावलेले साप चावण्याआधीच मारले गेले होते.

तेव्हा खुळखुळाट ऐकू आला तर थबका, साप कुठे आहे ते पाहा आणि त्याच्यापासून लांब सरका. चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. थेट हॉस्पिटल गाठा. आणि मेलेल्या सापालाही हात लावू नका.