उरलेली उकडलेली अंडी : खायची कधी, टाकायची कधी



बारामती-इंदापूरच्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा अंड्याचा विषय निघतोच. रविवारी ट्रे येतो, एकदम आठ-दहा अंडी उकडली जातात, त्यातली तीन-चार उरतात. पौर्णिमेला किंवा वर्षावासात सासूबाई, मामंजी खात नाहीत म्हणूनही उरतात. ती पातेल्यात तशीच राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली बाई 'टाकायचं कशाला' म्हणून खाऊन घेते. ताजं सगळ्यांना आणि शिळं बाईला, ही रीत आपल्याही घरांत आहे. आम्हाला ती मान्य नाही.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. अ आणि ड जीवनसत्त्व असतं पिवळ्या बलकात, बी-१२ ही बहुतेक तिथंच. म्हणून 'बलक उष्ण पडतो' म्हणत पोरीच्या ताटातून तो काढू नका. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. त्यातली काही रक्कम अंड्यांवर खर्च झाली पाहिजे. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. ज्यांच्या घरी रोज दूध-तूप आहे त्यांना त्याचं काही वाटलं नसेल. आपल्या लेकरांचं मात्र एक अंडं गेलं. तेव्हा घरात आलेलं अंडं वाया जाता कामा नये आणि त्याने कोणी आजारीही पडता कामा नये.

पुष्कळ बायांना वाटतं, उकडलं म्हणजे टिकतं. खरं तर उलट आहे. कच्च्या अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात आणि ती बुजवणारा एक पातळ थर वरून असतो. उकडताना तो थर निघून जातो. मग जंतूंना आत शिरायला वाट मोकळी. म्हणून उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय उकाडा असतो ते सांगायला नको. तेव्हा एकच तास धरा. माठाला टेकवून किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून भागत नाही, तिथं फ्रीजइतका गारवा येत नाही. फ्रीज असेल तर कवचासकट ठेवलेलं अंडं आठवडाभर चालतं. सोललेलं झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर माणसं मोजूनच उकडा. कच्ची अंडी सावलीत काही दिवस राहतात, घाई कसली?

उकडल्यावर गार करायला पिण्याचंच पाणी घ्या. टँकरचं किंवा पिंपातलं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. टेक्स्टाइल पार्कात किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी अंडं डब्यात नेऊ नये. सकाळी सातचं अंडं दुपारी एकला खाणं बरं नाही. ते सकाळीच भाकरीबरोबर खा आणि डब्यात ठेचा न्या. बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर घाबरू नका, जास्त उकडल्याने येते, अपाय नसतो.

आता उरलेलं पुरवायचं कसं? आमच्या बैठकांत सगळ्यांत जास्त पसंत पडलं ते खर्ड्यातलं अंडं. हिरव्या मिरच्या, लसूण आणि मूठभर शेंगदाणे तव्यावर थोड्या तेलात भाजायचे, मीठ घालून तिथंच वाटीने रगडायचे, त्यात दोन अंडी हाताने कुस्करून दोन मिनिटं परतायची. चार-पाच भाकऱ्यांना पुरतं. पिठलं शिजत आलं की त्यात अंडं किसून घातलं तर मुलांना कळतही नाही. कालवणात टाकताना अंड्याला सुरीने चिरा पाडा, रस्सा आत मुरतो. मेथी, शेपू, चाकवत अशा पालेभाजीत चिरून घाला आणि वरून लिंबू पिळा. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, तासभर थांबा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मऊ भातात ताजं, नीट उकडलेलं अंडं बारीक कुस्करून द्या. त्याला उरलेलं नको. यातलं काहीही केलं तरी ते त्याच जेवणात संपवायचं. सकाळचं कालवण रात्री उकळलं तर जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

'पंचशील घेतल्यावर अंडं चालतं का?' हेही कोणीतरी विचारतंच. बाजारातली पोल्ट्रीची अंडी फलित नसतात, त्यातून पिल्लू निघत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणं आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. उपोसथाला ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती नाही, त्यांच्या वाटणीचं उकडूच नका. पण गरोदर सून आणि वाढती पोर यांचं त्या दिवशीही बंद करू नका.

शंकेचं अंडं खाण्यात आलंच आणि पुढच्या काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उलट्या, जुलाब, ताप सुरू झाला तर ओआरएसचं पाणी घोट घोट पाजत राहा. शौचात रक्त दिसलं, लेकरू पाणी पिईना, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले तर घरी थांबू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर ही लक्षणं दिसायची वाट न पाहता पहिल्याच दिवशी न्या.